पूर ओसरल्यावरचे सहा आठवडे

परवा रात्री गावच्या ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या नदीच्या पाणीपातळीचा मेसेज पडला आणि अर्ध्या तासात पुण्यातल्या दोन मित्रांचे फोन आले. यंदा काही लागलं तर सांग, पाण्याचे बॉक्स पाठवू, बिस्किटं पाठवू, ब्लँकेटं पाठवू. मनानं चांगली माणसं आहेत, २०१९ च्या पुरात पण त्यांनी टेम्पो भरून दिला होता. मी त्यांना म्हटलं आत्ता नको, आणि समजा पूर आलाच तर पाणी उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला फोन करा. ते दोघंही जरा गप्पच झाले, त्यांना वाटलं असणार हा टाळतोय. टाळत नव्हतो. फोनवर सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. पाणी येणं आम्हाला नवीन नाही, नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की लोक स्नानाला गर्दी करतात, नदी ही आमच्याकडं घरातल्या माणसासारखी. त्यामुळंच २०१९ ला घात झाला. घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, सगळे म्हणायचे तिथवर काय यायचं नाही, आलंच तर तिथं थांबेल. नागपंचमीला, म्हणजे ५ ऑगस्टला, पाणी गावात आलं आणि पुढच्या तीन-चार दिवसांत ती खूण कुठं होती तेच दिसेना. सांगलीत आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याहून यायचा रस्ताच बंद, मी तिकडं बसून फक्त टीव्ही बघत होतो. हायवे सुरू झाल्यावर १४ तारखेला निघालो, दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी होते ते अजून लक्षात आहे, कारण शाळेच्या पटांगणात गुडघाभर राड होती आणि झेंडा गच्चीवर लावला होता.

पहिलं आठवतं ते म्हणजे वास. कुजलेला ऊस, मेलेली जनावरं, डिझेल, भिजलेलं धान्य आणि संडासाच्या टाक्या, सगळं एकात एक. लोकांना भीती जनावरांची वाटत होती, की ह्यांच्यामुळं आता रोगराई येणार. ती लवकर पुरायला पाहिजेतच, विहिरीत एखादं पडलं असेल तर ते पाणी बाद, त्यात वाद नाही. पण खरा धोका त्या वासात नसतो. तो असतो शंभर घरांच्या शोषखड्ड्यात आणि सेप्टिक टँकमध्ये, जे सगळे उचकटून त्याच पाण्यात मिसळलेले असतात, आणि ते पाणी पाईपच्या फुटक्या जॉइंटमधून, बुडालेल्या बोअरच्या केसिंगमधून, आडाच्या कठड्यावरून आत गेलेलं असतं. गॅस्ट्रो, कॉलरा, टायफॉईड, कावीळ, ह्या सगळ्याची मूळ वाट एकच, एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या तोंडात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वैनीनं शिकवलं.

माझी थोरली वैनी आमच्या गावची आशा, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य स्वयंसेविका आहे. तिच्या स्वतःच्या घरात, म्हणजे आमच्याच घरात, छातीएवढं पाणी आलं होतं. घरातनं निघताना तिनं काय उचललं तर सर्व्हेचं रजिस्टर आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओच्यात खोवलं आणि पोरं घेऊन बोटीत बसली. दागिन्यांचा डबा राहिला, तो नंतर दादानं पोहत जाऊन आणला. मी पोचलो तेव्हा ती मंगल कार्यालयातल्या कॅम्पमध्ये होती, मी म्हटलं वैनी, सुटलो एकदाचे, पाणी गेलं. तर म्हणाली, "भाऊजी, पाणी गेलं म्हंजे झालं न्हवं. आत्ता कुठं माझं काम सुरू झालं."

त्या कॅम्पबद्दल एक सांगायलाच पाहिजे. तीनशेच्या वर माणसं आणि संडास चार, त्यातला एक तुंबलेला. बाटलीबंद पाणी ट्रकच्या ट्रक येत होतं, कमी नव्हतं, पण बायका पाणीच पीत नव्हत्या, कारण रात्री अंधारात जायचं कुठं. दोघीतिघींना लघवीची जळजळ आणि ताप. आणि पिण्याचं पाणी बाटलीतलं असलं तरी भांडी मात्र मागच्या बोअरच्या पाण्यात विसळली जात होती, कोथिंबीर त्याच पाण्यात धुतली जात होती, पोरं त्याच पाण्यानं चूळ भरत होती. पाठवणाऱ्याला वाटतं आपण स्वच्छ पाणी दिलं. दिलं हो, पण जेवणाच्या ताटावर जे पाणी लागलेलं असतं त्याचं काय? वैनीनं पहिल्या दिवशी हेच धरलं, भांडी घासायच्या पाण्याच्या पिंपात मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं, त्याशिवाय कुणी तांब्या बुडवायचा नाही. हात धुवायला साबण, तोही दोरीला बांधून ठेवला नाहीतर जायचा.

आता टीसीएल पावडरीची गोष्ट. टीसीएल म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, गावच्या टाकीत टाकतात ती. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि नेहमीच्या दिवसात हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम लागते, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम, मूठ-दोन मूठ, बस. एवढी स्वस्त गोष्ट आहे ही. पण हिला ओल चालत नाही, ऊन चालत नाही, पोतं उघडं राहिलं तरी क्लोरीन उडून जातो आणि मागं नुसता चुना राहतो. आणि गावचा सगळा साठा कुठं ठेवलेला? तळमजल्यावरच्या खोलीत, जमिनीवर. ज्या दिवशी तिची सगळ्यात जास्त गरज त्या दिवशी ती आठ दिवस पाण्याखाली राहून दगड झालेली. ती फोडून टाकीत टाकली असती तर टाकली असं रजिस्टरमध्ये लिहिता आलं असतं, आणि पाणी जसं होतं तसंच राहिलं असतं. मला ह्या गोष्टीचा अजून राग येतो. कुणी मुद्दाम केलं नाही हे कळतं, पण एक फळी मारून पोती वर ठेवायला काय लागत होतं.

तालुक्याहून नवीन पावडर आली तिसऱ्या दिवशी. आणि आल्या आल्या काय झालं तर ती रस्त्याच्या दोन्ही कडेला पांढऱ्या रेघा मारत टाकायला सुरुवात झाली, कारण पाहणीला साहेब लोक येणार होते. बघायला छान दिसतं, औषध मारलंय असं वाटतं. पण रस्त्यावरच्या चिखलात ती दहा मिनिटात संपते, माती आणि घाण क्लोरीन खाऊन टाकतात. रस्ता कुणी पीत नाही. जलसुरक्षक म्हणून गावात एक पोरगा आहे, टाकीची जबाबदारी त्याची, तो आणि वैनी दोघांनी मिळून एक पोतं अक्षरशः ओढून बाजूला घेतलं आणि टाकीकडं नेलं.

विहिरीचं तर आणखी वेगळं. बुडालेल्या विहिरीला नेहमीचा डोस पुरतच नाही. पाणी चहासारखं गढूळ असेल तर तुम्ही किती पण पावडर टाका, सगळी त्या गाळातच खपते. आधी मोटर लावून उपसा काढायचा, गाळ काढायचा, कडेची भिंत घासायची, मग पाणी भरू द्यायचं, आणि मग पावडर बादलीत कालवून, निवळी होऊ देऊन, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडायचं, खालचा चुना फेकायचा. आमच्या मोटरी सगळ्या बुडालेल्या. वायरिंग करणारी पोरं रात्र-रात्र बसून मोटरी वाळवत होती, वेगवेगळ्या गावातनं आलेली, एक रुपया न घेता. रोग रोखणाऱ्यांची यादी कुणी केली तर त्यात ह्या मोटर वाइंडिंगवाल्यांचं नाव पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग ती ओटी टेस्ट, म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची. हे मी पहिल्यांदा जवळनं बघितलं. गल्लीच्या टोकाचा, टाकीपासून सगळ्यात लांबचा नळ निवडायचा, कारण तिथं क्लोरीन पोचला तर सगळीकडं पोचला. वैनीनं बोटाएवढी काचेची नळी नळाखाली धरली, खुणेपर्यंत भरली, एका छोट्या बाटलीतनं ओटीचे थेंब टाकले आणि पदराचा पांढरा भाग मागं धरून बघत राहिली. काही नाही. पाणी पाण्यासारखंच. म्हणजे क्लोरीन शून्य. तिचं तोंड उतरलं. जलसुरक्षकाला फोन, परत डोस, परत अर्धा तास, परत नळी. ह्या वेळी थेंब पडल्यावर पाण्यात हळूच पिवळसर झाक आली, लिंबू सरबत फार पातळ केल्यावर येते ना तशी. ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन, तरी नळाला आला पाहिजे, साथीच्या दिवसात ०.५. "आलं पिवळं," एवढंच म्हणाली आणि नळी गटारीत ओतली, ते पाणी प्यायचं नसतं. पुढं महिनाभर रोज सकाळी हे, पाच नळ, पाच नळ्या.

आणि लोकांची तक्रार काय? वास येतोय. शेजारची काकी रोज भांडायची, "तुझ्या ह्या पाण्याला औषधाचा वास येतोय, चहा बी घशाखाली उतरत न्हाई." वैनीचं उत्तर ठरलेलं, "वास येतोय म्हणूनच प्या काकी. वास यायचा बंद झाला की मला सांगायला या." काकी खरंच एकदा सांगायला आली, आज वास नाही म्हणून. तपासलं तर व्हॉल्व्हजवळ लिकेज निघालं.

आता मित्रांना जे फोनवर सांगता आलं नाही ते. पाणी उतरलं की रोगाचं स्वतःचं एक कॅलेंडर सुरू होतं आणि ते आपल्या बातम्यांच्या कॅलेंडरशी जुळत नाही. जुलाब, उलट्या, कॉलरा हे काही तासांपासून पाच दिवसात. त्या वेळी डॉक्टर असतात, कॅमेरे असतात, ओआरएसची पाकिटं असतात. एक लिटर पाण्यात एक अख्खं पाकीट, अर्ध्या पाकिटाचं पेल्यात करायचं नाही हे सुद्धा घरोघरी सांगावं लागलं, आणि लहान पोरांना सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. ओआरएसला लोक किरकोळ समजतात, सलाईन लावा म्हणतात. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी ड्रममधनं पाजून कॉलऱ्याच्या हजारो पेशंटना वाचवलं, त्यांच्याकडचं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. त्यामुळं माणूस पिऊ शकत असेल, उलटी थांबून थांबून होत असेल, तर आधी हेच. पोरगं मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर मात्र एक मिनिट न थांबता दवाखाना.

दुसऱ्या आठवड्यात येतो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. तो आमच्या घरातच आला. माझा धाकटा चुलतभाऊ, पंचविशीतला गडी, तीन दिवस गोठा साफ करत होता, अनवाणी, टाचेला भेगा. लेप्टोचे जंतू उंदराच्या, कुत्र्याच्या, जनावरांच्या लघवीतनं ओल्या मातीत आणि पाण्यात येतात आणि आठवडेच्या आठवडे तिथं राहतात, पायाच्या भेगेतनं, खरचटलेल्यातनं, डोळ्यातनं आत शिरतात. प्यायलंच पाहिजे असं नाही, नुसतं त्यात उभं राहिलं तरी पुरतं. आरोग्य केंद्रातनं डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या होत्या, त्यानं खिशात ठेवल्या, म्हणाला मला काय झालंय. लेप्टो हा मुंबईचा रोग अशी आमच्याकडं समजूत, कारण २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या महिन्यात लेप्टोची साथ आली ते सगळ्यांनी पेपरात वाचलेलं. सिंधुदुर्गात भात लावणाऱ्यांना विचारा, ते सांगतील हा कुणाचा रोग आहे ते.

दहाव्या-अकराव्या दिवशी त्याला ताप आला. अंग दुखतंय म्हणाला, गाळ उपसून दुखणारच. गावातल्या एकानं तापाचं इंजेक्शन दिलं. वैनी संध्याकाळी सर्व्हेला त्याच्या घरात गेली आणि तिनं दोनच गोष्टी केल्या. डोळ्यांत बघितलं, लालभडक, पण चिपडं नाहीत. आणि पायाची पोटरी दाबली. तो ओरडलाच. त्याच रात्री गाडी करून मिरजेला. किडनीवर यायला लागलं होतं, लघवी कमी झाली होती, चार दिवस आयसीयूमध्ये काढले. वाचला. आणखी दोन दिवस अंगदुखी म्हणून काढले असते तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून सांगतो, पुराच्या पाण्यातनं चालला असाल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन देतात, गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या पोरांना ती चालत नाही, त्यांना वेगळं औषध. स्वतःच्या मनानं मेडिकलमधनं घेऊ नका, पण घेतलेली खिशातही ठेवू नका. जेवण झाल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही.

तिसऱ्या आठवड्याला टायफॉईड आणि डेंग्यू. डेंग्यू पाण्यातनं होत नाही, पण टँकरचं पाणी साठवायला प्रत्येक घरानं बॅरल मांडलेले, उघडे, आणि तो डास नेमका त्याच पाण्यात अंडी घालतो. २ सप्टेंबरला गणपती बसले, आरतीला निम्मी गल्ली, बाकीच्यांच्या घरात ताप. तोवर कॅम्प बंद, मदतीच्या गाड्या बंद, टँकर आठवड्यातनं दोनदा. चॅनेलवाले कधीच गेलेले.

आणि सगळ्यात शेवटी कावीळ. शरीरात शिरल्यापासून महिना, दीड महिना लागतो तिला दिसायला. ऑगस्टमध्ये प्यायलेलं पाणी नवरात्रात डोळ्यात पिवळं होऊन येतं, आणि तेव्हा कुणाला पुराची आठवण पण नसते. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली होती, हिपॅटायटिस ई, माणसं गेली, आमच्या पाहुण्यांत एक घर आहे ज्यांनी ते भोगलंय. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ फार वाईट. म्हणून वैनी घटस्थापना उलटून गेली तरी गावातल्या सात गरोदर बायकांच्या घरी आठवड्याला जात होती, खालची पापणी ओढून बघायची, लघवीचा रंग विचारायची, भूक लागते का विचारायची, पाणी उकळून पितेस का विचारायची, नुसतं विचारून थांबायची नाही, चुलीवरचं पातेलं उघडून बघायची. एका सूनबाईला सासूबाई म्हणाल्या गॅस कशाला जाळायचा. वैनी तिथंच बसली, पाणी खळाखळा उकळेपर्यंत उठली नाही. सातही बाळंतपणं नीट झाली.

आमच्या गावात मोठी साथ आली नाही. जुलाबाचे पेशंट झाले, लेप्टोचे दोन, टायफॉईड थोडे. त्याची बातमी कुठं आली नाही, कारण न झालेल्या गोष्टीची बातमी होत नाही. वैनीच्या रजिस्टरमध्ये मात्र आहे, रोजच्या रोज, घर नंबर, ताप, जुलाब, कावीळ, आणि बहुतेक रकान्यांत शून्य. ती शून्यं कुणीतरी चिखलातनं चालून आणलेली आहेत. तिचं मानधन तेव्हा किती होतं ते मी लिहीत नाही, मलाच लाज वाटते.

२०२१ ला परत पाणी आलं, जुलैच्या शेवटी. ह्या वेळी पाणी गावात यायच्या दोन दिवस आधी टीसीएलची पोती शाळेच्या वरच्या वर्गात गेली होती, खाली पाट टाकून, वर ताडपत्री. ग्रामपंचायतीत कुणाचा कसला ठराव नाही, वैनी आणि चार बायकांनी डोक्यावरनं नेली. पाणी उतरलं त्याच दिवशी दुपारी टाकीत डोस पडला.

तर मित्रांनो, पहिल्या आठवड्यात भरपूर लोक येतात, येऊ देत, ते लागतंच. तुम्ही थोडं मागं थांबा. तिसऱ्या आठवड्यात झाकणाचे बॅरल पाठवा, तोटी असलेले पाण्याचे पिंप पाठवा म्हणजे हात बुडवावा लागत नाही, साबण, तुरटी, सॅनिटरी पॅड, बॅटरी. औषधं मात्र आरोग्य केंद्राला विचारल्याशिवाय नको. शक्य असेल तर एक माणूस पाठवा जो दहा दिवस राहील आणि आशांबरोबर घरं फिरेल, नुसतं लिहून घ्यायला.

काल वैनीला विचारलं, यंदा तुला काय पाठवू. आधी काही नको म्हणाली. मग रात्री मेसेज आला, "ओटीच्या दोन बाटल्या. आन गमबूट, चार नंबरचे. मदतीत येतात ते सगळे पुरुषांच्या मापाचे असतात."